मुलांचे नैराश्य उलटू नये म्हणून : या चुका टाळा

किशोरवयात नैराश्याचा आजार उलटणे मुळीच दुर्मीळ नाही. अमेरिकेत 12 ते 17 वर्षांच्या मुलांवर ‘टॅड्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातील काही मुलांचा सुमारे पाच वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी 46.6 टक्के मुलांना नैराश्याने पुन्हा गाठले होते आणि मुलींमध्ये हे प्रमाण अधिक होते. तरीही सांगलीत समुपदेशनाचे काम करताना माझ्यासमोर बसणारे बहुतेक पालक ‘बरा झाला’ हा शब्द ताप उतरल्यासारखा वापरतात, आणि पुढच्या जवळजवळ सर्व चुका तेथूनच सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बरे वाटताच गोळ्या बंद करणे. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा दहावीतला मुलगा गणपतीपर्यंत चांगला सावरला होता. दिवाळीत जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणी तरी ‘या वयात कसल्या गोळ्या, सवय लागेल’ असे म्हणाले आणि वडिलांनी डॉक्टरांना न विचारता औषध थांबवले. पहिले काही आठवडे काहीच बिघडले नाही आणि घात झाला तो त्यामुळेच. कारण फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा अंश शरीरात कित्येक आठवडे टिकतो, आणि आजार पुष्कळदा काही महिन्यांनी उलटतो, तेव्हा बंद केलेली गोळी कोणाच्या ध्यानातही नसते. जानेवारीत मुलगा आईवर ओरडू लागला, तर तो परीक्षेचा ताण ठरला. जेवण कमी झाले, तर तेही अभ्यासामुळेच. पूर्वपरीक्षेचा पेपर अर्धवट टाकून तो वर्गातून निघून गेला, तोवर घरी द्राक्षतोडणीची धांदल सुरू झाली होती. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले आणि मार्चमधली बोर्डाची परीक्षा हुकली.

मला गोळ्यांची हौस नाही आणि नैराश्यावरच्या या औषधांचे व्यसनही लागत नाही. परंतु लक्षणे पूर्ण गेल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करतात, एवढे तरी पाळायला हवे. मी पालकांना मात्रा कमी करायला सुरुवात करण्याची तारीख सुचवताना आधी शाळेचे वेळापत्रक मागते. परीक्षेचे महिने मी सरळ वगळते, आणि मूल अकरावीसाठी गाव सोडून वसतिगृहात जाणार असेल, तर जून-जुलैही वगळते. ‘लवकर सुटका करा’ म्हणणाऱ्या पालकांशी माझे याच मुद्द्यावर वाजते.

दुसरी चूक अर्धवट बरेपण पूर्ण मानण्याची आहे. मूल शाळेत जाऊ लागले, हसू लागले, म्हणून सारे थांबतात. पण रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागत नसेल किंवा क्रिकेटचा नाद परतला नसेल, तर आजार संपलेला नसतो, आणि अशी उरलेली लक्षणे पुढच्या झटक्याची शक्यता वाढवतात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते; पहाटे चारला उठवणाऱ्या क्लासविषयी माझे मत मी छापण्याजोग्या शब्दांत मांडू शकत नाही. त्या मुलाला किंवा मुलीला आजार परतू लागल्याच्या स्वतःच्या खुणा स्वतःच्या अक्षरात लिहायला लावणे, ही माझी जुनी सवय आहे. एखादी मुलगी केस विंचरणे सोडते, एखादा मुलगा मित्रांचे फोन टाळतो. किशोरवयात पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडच आधी दिसते, हे पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. हा कागद घरच्यांनी महिन्यातून एकदा मुलासोबत बसून वाचावा. मुलामागे हेरगिरी करू नये.

समुपदेशनाच्या बैठकी एकदम थांबवू नका, त्यांतील अंतर वाढवत न्या. शाळेतील एका तरी शिक्षकाला कल्पना द्या. आईला स्वतःला नैराश्य असेल, तर तिचेही उपचार करा. त्याचा मुलालाही फायदा होतो. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गोळीच्या जागी नव्हे.

शेतकरी घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. फवारणीची औषधे पडवीत उघडी पडलेली असतात. मूल बरे दिसत असले, तरी ती कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडेच असू द्या. नैराश्यावरचे औषध नव्याने सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे मुलावर बारकाईने लक्ष ठेवा. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तोवर त्याला एकटे सोडू नका, आणि रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन लावा. तेथे मराठीतही बोलता येते.