इस्तंबूलच्या ग्रँड बाझारमध्ये खरेदी आणि घासाघीस कशी करावी

इस्तंबूलला जाऊन आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: काय काय आणलंस, आणि कितीला पडलं? दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने बरेच जण ग्रँड बाझारमधून रिकाम्या हाताने परततात, तर काही जण पहिल्याच दुकानात पाकीट रिकामं करतात. दोन्ही टाळता येतं. घासाघीस म्हणजे दुकानदाराला हरवणं नव्हे. वस्तूची पारख आणि मनात ठरवलेला आकडा, एवढं जवळ असलं की बाकीचं बोलण्याच्या ओघात जमतं.

१. आधी नुसतं फिरा

या बाजाराचं बांधकाम सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या काळात, १४५५ च्या सुमारास सुरू झालं. आज छताखाली साठेक गल्ल्या आणि हजारो दुकानं आहेत. बाजार रविवारी बंद असतो, त्यामुळे सहलीचे दिवस आखतानाच हे बघून ठेवा. टी-१ ट्रामने बेयाझित थांब्यावर उतरलं की बाजार दोन मिनिटांवर आहे.

पहिल्या फेरीत काहीही घेऊ नका. एकाच प्रकारच्या दिव्याचा किंवा ताटलीचा भाव तीन-चार दुकानांत विचारा, आभार माना आणि पुढे चला. मुख्य रस्त्यावरच्या आणि आतल्या गल्लीतल्या दुकानांच्या भावात फरक सापडतो. जुन्या प्रवासवर्णनांतले लिराचे, म्हणजे तुर्की चलनातले, आकडे मात्र विसरा. तिथली महागाई इतकी वाढली आहे की ते आता कामाचे नाहीत.

बाजारातून एमिनोन्यू या भागाकडे उतरणाऱ्या महमुतपाशाच्या उतारावरही चक्कर मारा. तिथे स्थानिक लोक कपडे, टॉवेल आणि लग्नाचं सामान घेतात. साध्या वस्तूंचा खरा भाव काय, याचा अंदाज तिथे येतो.

२. वस्तू ओळखायला शिका

गालिचा आवडला तर तो उलटा करून बघा. हातमागाच्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित कमी-जास्त असतात. कडेची झालर म्हणजे गालिच्याचेच उभे धागे असायला हवेत. ती वेगळी आणून शिवलेली दिसली तर बहुधा यंत्रावरचा माल समजावा. पांढरा रुमाल ओला करून एका कोपऱ्यावर दाबून घासा. रंग रुमालावर उतरला तर तो गालिचा घेऊ नका. रेशमाचा म्हणून सांगितलेला सुटा धागा जाळून दाखवायला सांगा. खऱ्या रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो, नकलीला जळक्या कागदासारखा किंवा प्लास्टिकसारखा. ज्याचा माल अस्सल आहे, तो दुकानदार अशा परीक्षेला बहुधा आनंदाने तयार होतो. दोन माणसांनी धरून तो गालिचा उजेडात फिरवून दाखवावा आणि रंग एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिकट दिसावा, हे बघण्यासारखं असतं. घ्यायचा नसेल तरी बघा.

मसाल्यांसाठी एमिनोन्यूचा मसाला बाजार आहे. तिथे 'तुर्की केशर' म्हणून स्वस्तात मिळतात त्या अनेकदा करडईच्या पाकळ्या असतात. सोलापूरकडच्या करडईच्या शेतातून गेलेल्यांना त्या सहज ओळखू येतील. भातात रंग येईल, सुगंध नाही.

सोन्याचा भाव त्या दिवसाच्या दराने, वजनावर ठरतो. त्यावर हुज्जत घालू नका, घडणावळीवर घाला. आपल्या सराफाकडे बोलतो तसंच इथेही बोलता येतं.

रंगीत काचांचे दिवे भारतात चालतात, कारण तिथली वीजही २३० व्होल्टची आहे. बल्ब मात्र फिरकीचा लागतो, तो आपल्याकडे सहज मिळतो. नक्षीच्या ताटल्यांत जेवण वाढायचं असेल तर तसं आधीच विचारा. काही ताटल्या फक्त भिंतीवर लावण्यासाठी असतात.

३. मनातला आकडा आधी ठरवा

"सांगितलेल्या भावाच्या अर्ध्याने सुरुवात करा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. माझ्या मते तो कुचकामी आहे. एक दुकानदार तिप्पट सांगतो, दुसरा जेमतेम दहावा हिस्सा वाढवून सांगतो, मग अर्धा कशाचा? या वस्तूसाठी मी आनंदाने किती देईन, हे स्वतःला विचारा आणि त्याच्या थोडं खालून सुरू करा.

४. बोलणं

समजा दिव्याचा भाव २००० लिरा सांगितला आणि तुमच्या मनात १३०० आहेत. "मेरहाबा" म्हणून नमस्कार करा, वस्तूचं मनापासून कौतुक करा, मग ११०० सांगा. तो हसेल, "चोक आझ", म्हणजे फारच कमी, म्हणेल आणि १७०० वर येईल. तुम्ही १२०० वर जा आणि थांबा. ही शांतता तुम्ही मोडू नका. पुढे दुसरा दिवाही घेण्याची तयारी दाखवलीत तर भाव बऱ्यापैकी उतरतो, आणि भेटवस्तूंसाठी दोन-तीन नग घ्यायचेच असतात.

चहा पुढे आला तर घ्या. चहा घेतला म्हणून खरेदी करावीच लागत नाही. पण तुम्ही सांगितलेला आकडा त्याने मान्य केला तर वस्तू घ्यावी, हा बाजाराचा शिष्टाचार आहे. म्हणून घ्यायचीच नसेल त्या वस्तूचा आकडा तोंडातून काढू नका. जमलं नाही तर "तेशेक्क्युर एदेरिम", म्हणजे धन्यवाद, म्हणा आणि निघा. हाक आली तर त्याला अजून बोलायचं आहे. नाही आली तर तुमचा आकडा खरंच कमी होता, आणि परत जाऊन थोडा वाढवण्यात काहीच कमीपणा नाही.

सकाळी लवकर जाण्याचा फायदा होतो. पहिली विक्री तिथेही शुभ मानतात, त्यामुळे भवानीच्या गिऱ्हाइकाला सहसा मोकळं सोडत नाहीत.

५. पैसे देताना

कार्ड वापरलंत आणि मशीनवर रुपये की लिरा असं विचारलं, तर लिरा निवडा. रुपये निवडल्यास दर बहुधा महाग पडतो. भाव युरोत की लिरात ठरला, हे पैसे काढण्याआधी पुन्हा एकदा बोलून घ्या. रोख दिलेत तर नोटा समोरच मोजून द्या.

६. काय घेऊ नये

जुनी नाणी, उत्खननातले म्हणून दाखवलेले तुकडे, जुन्या मूर्ती यांना हात लावू नका. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू परवानगीशिवाय तुर्कस्तानबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे विमानतळावर चालत नाही. जुना गालिचा घेतलात तर तो नेता येईल असं दुकानदाराकडून लेखी घ्या.

७. सामान भरताना

डाळिंबाचा रस आणि अत्तराच्या बाटल्या चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. काचेचा दिवा मात्र हातातच ठेवा. दुकानदाराकडून तो बबल-रॅपमध्ये नीट बांधून घ्या, आणि बिल पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, म्हणजे कस्टम्सने विचारलं तर लगेच दाखवता येईल.