लिस्बनला जाताय? आधी बूट बघा

लिस्बनमध्ये चालायला लागतंच, आणि तिथल्या पदपथांवर चुनखडीच्या दगडाचे छोटे पांढरे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. पावलांनी घासून ते आरशासारखे गुळगुळीत झालेत. आल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर जेमतेम पावसाची भुरभुर आली आणि आईचा पाय सटकला. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. आपण पणजीत मळा भागातल्या गल्ल्या चढतो-उतरतो, तेवढी सवय तिथे पुरत नाही. जाड, खाचांच्या रबरी तळाचे बूटच घाला, आणि ते इथेच आठवडाभर वापरून पायाला बसवून घ्या. घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील तर हे टाळूच नका.

दुसरी गोष्ट जेवणाची. खानावळीत बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, कधी चीजही येतं. आपल्याला वाटतं, पाहुणचार! तसं नाही, खाल्लंत की ते बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. ‘धन्यवाद’ म्हणताना पुरुषांनी ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बायकांनी ‘ओब्रिगादा’. पाव मात्र एकदा जरूर खा; शब्दही आपल्याकडे तिथूनच आलाय.

२८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू फार. मार्तिम मोनिझ या एका टोकाला गर्दी उसळते, त्यापेक्षा कांपु द औरिकच्या दुसऱ्या टोकाला सकाळी लवकर चढा. बसायला जागा मिळते आणि पर्स मांडीवर राहते.