रुग्णाला ऊब किंवा गारवा देणाऱ्या पाण्याच्या ब्लँकेटची रचना

भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर स्वतःचे तापमान नीट राखू शकत नाही आणि ते ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की रक्तस्राव व जखमेतील संसर्ग यांचा धोका वाढतो. म्हणून रचनेचा विचार कापडापासून नव्हे, तर या शरीरापासून सुरू करावा.

पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचे दोन थर उष्णतेने जोडून त्यांत नागमोडी वाहिन्या तयार कराव्यात. जाणारे आणि परतणारे पाणी शेजारी-शेजारी वाहू दिले, तर एक टोक गरम आणि दुसरे कोमट असा भेद फारसा उरत नाही. थरांना मधूनमधून ठिपक्यांसारखे सांधे द्यावेत, म्हणजे ब्लँकेट फुगत नाही व अंगालगत राहते. मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी उष्णतेची देवाणघेवाण मंदावते.

सर्वाधिक काळजी मर्यादांची घ्यावी. पाणी ४२ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि मुख्य नियंत्रकाखेरीज स्वतंत्र सेन्सरवर चालणारे दुसरे कट-ऑफ (तापवणे आपोआप बंद करणारी सोय) ठेवावेच. बेशुद्ध रुग्ण ‘भाजतंय’ असे सांगू शकत नाही, आणि माकडहाड, टाचा अशा दाबाखालच्या जागी रक्तपुरवठा कमी असल्याने एरवी सोसवणारी ऊबही तिथे इजा करते.

गारवा देताना हुडहुडी भरली की शरीर स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. त्यामुळे नियंत्रण केवळ पाण्याच्या तापमानावर न ठेवता अन्ननलिकेतील किंवा गुदाशयातील सेन्सरशी जोडावे, आणि पुन्हा ऊब देण्याचा वेग तासाला अर्ध्या अंशापेक्षा कमी ठेवता यावा.

नळीचे जोड सुटताच आपोआप बंद होणारे असावेत.