ग्लॅडिओलस: कंद लावण्यापासून कंद काढण्यापर्यंत

ग्लॅडिओलसचा लावलेला कंद परत मिळत नाही. तो फुलदांडा पोसण्यात संपतो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो. हे एकदा ध्यानात आलं की लावणीची खोली, पानं राखणं, उशिरा काढणी या सगळ्यांची कारणं आपोआप कळतात.

कंद ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा, हाताला टणक आणि उंचट घ्यावा. पसरट, चपटा कंद बहुधा जुना असतो. वरची साल सोलून पाहा. तपकिरी, खोलगट डाग असेल तर कंद टाकून द्या. बुडाशी मुळांचे पांढरे ठिपके आणि शेंड्याला कोंब दिसला, म्हणजे त्याची सुप्तावस्था संपली. नुकताच काढलेला कंद साधारण तीन महिने उगवतच नाही, त्यामुळे पाणी घालून तो फक्त कुजतो.

पुण्याकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा लावणीचा काळ. कोकणात पाऊस पूर्ण थांबू द्यावा. लावणीनंतर ७० ते ९० दिवसांत फुलं येतात. सगळे कंद एकाच दिवशी न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने लावले, तर डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत फुलं मिळतात.

लावण्याआधी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून हातमोजे घालून कंद अर्धा तास बुडवा. १२ इंची कुंडीत चार कंद पुरे. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कच्चं शेणखत नकोच. काळ्या जमिनीत गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा हवा. कंद ६ ते ८ सेंटिमीटर खोल आणि १५ सेंटिमीटर अंतरावर लावा. वर लावला तर नवा कंद उघडा पडतो आणि फुलांच्या भाराने झाड आडवं होतं.

कोंब वर येईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. तिसऱ्या आणि सहाव्या पानाच्या वेळी मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नका. सहाव्या पानाच्या सुमारास दांडा घडत असतो आणि तेव्हा ओल कमी पडली की फुलं कमी येतात. याच दोन वेळांना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम द्या, मातीची भर लावा आणि काठीचा आधार बांधा. ऊन दिवसाला सहा तास तरी हवं.

पानांवर चंदेरी ओरखडे आणि न उमलणाऱ्या कळ्या हे फुलकिड्यांचं काम. लिटरला ५ मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब घालून, संध्याकाळी फवारा. एखादं झाड अवेळी पिवळं पडून वाकलं आणि कंद तपकिरी कुजलेला निघाला तर तो मर रोग. असं झाड मातीसकट काढून टाका. त्या मातीत तीन वर्षं ग्लॅडिओलस लावू नका.

खालच्या एकदोन कळ्यांना रंग दिसला की सकाळी दांडा कापा आणि उभाच ठेवा. आडवा ठेवल्यास शेंडा वर वळतो. झाडावर किमान चार पानं राहिलीच पाहिजेत, कारण नवा कंद आता त्यांच्यावरच पोसला जाणार असतो. नेमकं याच वेळी लोक पाणी तोडतात आणि पुढच्या वर्षी बारीक दांडे येतात.

फुलांनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पानं पिवळी पडली की पाणी बंद करून कंद उकरा. सावलीत दोन आठवडे वाळवा, खालचा सुरकुतलेला जुना कंद मोडून काढा आणि चांगले कंद कांद्याच्या जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगा. बुडाशी चिकटलेली बारीक पिल्लंही ठेवा. ती दोनेक हंगामांत फुलण्याजोगी होतात.