कोडिंग ग्रुप काढायचाय? समिती नंतर, आधी एक प्रॉब्लेम घ्या

कॉलेजात कोडिंगचा ग्रुप काढायचा म्हटलं की आधी अध्यक्ष कोण, लोगो कसा, उद्घाटनाला कुठले सर, आणि यातच सेमिस्टर संपतं. चारपाच जण, एक वार, एक वेळ एवढं ठरवा, बास.

वेळ ठरवताना एसटी बघा. सांगलीत विश्रामबागच्या हॉस्टेलवाल्यांना रात्री आठला पण चालतंय, पण तासगाव, पलूस, कवठेमहांकाळवरनं पासवर येणारी पोरं पाच वाजले की घड्याळच बघत बसतात, म्हणून प्रॅक्टिकल सुटलं की लगेच, तिथंच लॅबमध्ये बसायचं. किल्ली लॅब असिस्टंटकडं असते, त्यांना आधी भेटा, एचओडींच्या सहीचा अर्ज घ्या आणि जाताना पीसी बंद करून खुर्च्या नीट लावून जा.

लॅपटॉप कमी आहेत म्हणून थांबू नका. आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय कोडिंग स्पर्धेत तीन जणांची टीम, कॉम्प्युटर एकच आणि वेळ पाच तास, त्यामुळं एका लॅपटॉपवर तिघं बसले की प्रॅक्टिसच झाली समजा. (आयसीपीसीची मुळं पण १९७० साली टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरवाल्यांच्या सोसायटीनं घेतलेल्या स्पर्धेत आहेत.) टीम नोंदवायला कोच लागतो, सरांना तेव्हा गाठा.

पहिल्या दिवशी भाषण नको, फळ्यावर प्रॉब्लेम लिहा. आपल्याकडं हळदीचा लिहा की! रोजचे भाव ओळीनं दिलेत, एकदाच घ्यायची आणि नंतर एकदाच विकायची, जास्तीत जास्त फायदा किती? ८२, ७९, ९१, ७५, ८८. कुणीतरी लगेच १६ म्हणणारच, ९१ वजा ७५. पण ९१ चा भाव आधी येऊन गेलाय, आता कसा विकणार? मग कुणी दोन लूप लावतं, म्हणजे प्रत्येक भाव पुढच्या प्रत्येक भावाशी लावून बघतं, १३ बरोबर येतं. तेव्हा विचारायचं, भाव एक लाख असले तर? जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात, पायथन तर बसूनच राहील. इथं दहा मिनिटं गप्प बसा, सांगू नका. आतापर्यंतचा सगळ्यात कमी भाव लक्षात ठेवत एकदाच पुढं जायचं, हे पोरांनाच सुचू दे, फर्स्ट इयरच्या मुलीला आधी सुचलं तर अजून भारी.

आणि सीनियर लोकांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. सेमीकोलन राहिलाय हे दिसत असलं तरी नाही, फक्त एररची लाईन मोठ्यानं वाचायला सांगायचं.