सणाच्या धांदलीत कृतज्ञतेने मन सावरताना या चुका टाळा

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अर्धा स्वयंपाक उरलेला असतो, दारात पाहुणे आलेले असतात आणि छातीत धडधड सुरू होते. अशा वेळी कृतज्ञतेच्या आधाराने मन जागेवर आणता येते, असा माझा अनुभव आहे. तरीही पुष्कळांना हा उपाय लागू पडत नाही आणि त्याचे कारण बहुधा तो करण्याच्या पद्धतीत असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मोघम यादी. “घर आहे, आरोग्य आहे, माणसे आहेत” हे मन पाठ केलेल्या श्लोकासारखे म्हणून मोकळे होते आणि पुन्हा राहिलेल्या कामांकडे धावते. भरकटलेले मन आत्ताच्या क्षणी टेकवायचे, तर ज्ञानेंद्रियांची मदत घ्यावी लागते. म्हणून कृतज्ञताही समोरच्या, हाताला लागणाऱ्या गोष्टीला धरून असावी. पुरणयंत्रातून उतरणाऱ्या गरम पुरणाचा जायफळमिश्रित वास, दांडा फिरवून लाल झालेला जाऊबाईंचा तळहात आणि “तुम्ही जरा टेका, मी बघते” हे त्यांचे शब्द, एवढ्यावर अर्धा मिनिट लक्ष ठेवले तरी पुरते.

धडधड ऐन भरात असताना मात्र थेट कृतज्ञतेकडे वळू नये. आधी तळपाय फरशीवर नीट टेकवून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देत पाच-सहा श्वास घ्यावेत. सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाची गती मंदावते.

कृतज्ञतेखाली दुःख किंवा तक्रार दडपणे ही चूक मला सर्वांत घातक वाटते. घरातले माणूस गेल्यानंतरचा पहिलाच सण असेल, तर डोळे भरून येणारच. सोळा भाज्यांची चिराचिरी एकटीवर पडली असेल, तर “मला मदत हवी आहे” असे घरच्यांना स्पष्ट सांगावे. त्रासलेल्या सुनेला “देवाने किती दिले आहे ते बघ” असे तर कोणीही सुनावू नये.

रोज कृतज्ञतेची वही भरण्याचा नेमही सणात आणखी एक काम होऊन बसतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या कृतज्ञतेवरील संशोधनातील एका प्रयोगात सहभागी व्यक्ती आठवड्यातून एकदाच, कृतज्ञता वाटणाऱ्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहीत होत्या.

सण सरल्यावरही झोप लागत नसेल किंवा घाबरेपणा टिकून असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.