धमनी उघडली, तरी हृदय उपाशी: हार्ट अटॅकमध्ये या चुका टाळा

रात्री अडीच वाजता मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून बसवून आणलेला पेशंट मी पाहिलाय. शर्ट घामानं चिंब, मिशीला ईनोचा वाळलेला फेस. छातीत जळजळ सुरू झाली होती रात्री साडेआठला. सहा तास 'पित्त आहे, उतरेल' यात गेले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी अँजिओप्लास्टी झाली, बंद धमनी स्वच्छ उघडली, पण पडद्यावर डाय (धमनीतला रक्तप्रवाह दिसावा म्हणून सोडतात ते औषध) पुढे सरकेना.

शेतकऱ्याला हे पटकन कळतं. पाटाचं दार उघडलं, पण चाऱ्या बुजलेल्या असतील तर वाफा कोरडाच राहतो. रक्त थांबलं की केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं. रक्त पुन्हा सुरू झालं की पांढऱ्या पेशी आणि गुठळीचे तुकडे तिथंच अडकतात. आम्ही याला 'नो-रिफ्लो' म्हणतो. १९७४ साली कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात धमनी ४० मिनिटं बांधून सोडली तर रक्त सगळीकडे परतलं. ९० मिनिटं बांधली तेव्हा हृदयाच्या आतल्या थराचा काही भाग कोरडाच राहिला. माणसाचा हिशेब इतका काटेकोर नसतो, पण दिशा तीच. म्हणून खालच्या बहुतेक चुका शेवटी वेळेच्याच आहेत.

पहिली आणि सर्वात महागडी चूक म्हणजे ढेकर आला म्हणून निश्चिंत होणं. सोडा पिऊन थोडं बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे हे ठरत नाही. छातीत दाब, सोबत घाम, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरतंय आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाहीये, तर ईसीजी हवाच. मधुमेही, म्हातारी माणसं आणि बायकांमध्ये कधीकधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, नाहीतर एकदम गळून गेल्यासारखं होतं. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी निघू नका. थोड्या वेळानं दुसरा काढावा लागतो, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन दिसायलाही काही तास जातात.

दुसरी चूक जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीची. शेजारच्या काकांच्या खिशातली गोळी कुणाच्याही तोंडात घालू नका. तिनं ब्लॉक उघडत नाही, बीपी मात्र धाडकन उतरतं. हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल, किंवा पेशंटनं आदल्या दिवशी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर जिवावर बेतू शकतं. हे विचारायला घरच्यांना संकोच वाटतो, आम्हाला नाही. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. ॲलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस चावून खायला द्या. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते.

जिना उतरवणं, स्कूटरवर बसवणं, 'चालत येतो म्हणाला' हे सगळं टाळा. १०८ ला फोन करा. पेशंटला अर्धवट बसवून ठेवा, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी दाराशी ठेवा.

मोबाईलवर फिरणारे उपाय: जोरजोरात खोकणं घरी कामाचं नाही. बीपीचा पट्टा दंडावर आवळून-सोडून हृदय वाचतं, असंही मला विचारतात. कल्पना वेडगळ नाही, प्रयोगशाळेत तिला आधार होता. पण २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक पेशंटांवर झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. ऑक्सिजनचंही तसंच: बोटावरचं यंत्र ९० च्या वर दाखवत असेल तर 'मास्क लावा' म्हणून भांडू नका.

तालुक्याला अँजिओप्लास्टी नसते आणि दोन तासांत ती होईल अशा ठिकाणी पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देतात. ते दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत, पण खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. इथं नातेवाईक मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना फोन लावत बसतात आणि सहीला तासभर जातो. इंजेक्शननंतर दुखणं थांबलं की 'आता कशाला पुढं न्यायचं?' सुरू होतं. न्यायचंच, साधारण चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी व्हायला हवी, कारण गुठळी विरघळली तरी खालचा ब्लॉक जागेवरच असतो.

आणि धमनीत स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवल्यानंतर दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका. दातांच्या डॉक्टरांना आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.